कोपरा फाकला की आवळला?

गेल्या महिन्यात औसा तालुक्यातल्या गावी बहिणीच्या घराची आखणी होती. मिस्त्रीने कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका लाईनदोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. पाच फूट एक इंच. "कोपरा फाकलाय," तो म्हणाला आणि दोरी जराशी आत घेतली. दहावीतला भाचा माझ्याकडे बघून पुटपुटला, "मामा, पायथागोरस!"

मी म्हटलं, नाही. पायथागोरस नाही, त्याचा व्यत्यास, म्हणजे तेच विधान उलटं करून. दोन मार्कांचा फरक वाटतो, पण घर या फरकावरच उभं राहतं.

प्रमेय सांगतं की काटकोन असेल तर दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाएवढी भरते. मिस्त्रीला तर काटकोन आहे की नाही हेच शोधायचं आहे! तो उलट्या दिशेने चाललाय: बेरीज भरली, म्हणून काटकोन. आता उलटं विधान आपोआप खरं ठरत नसतं. पाऊस पडला की अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं नाही, कुणी सडा टाकला असेल. म्हणूनच ग्रीक गणिती युक्लिडने 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात ४७ व्या क्रमांकावर प्रमेय सिद्ध केलं आणि ४८ व्या क्रमांकावर व्यत्यास पुन्हा वेगळा सिद्ध केला.

मला आवडणारी सिद्धता मात्र बिजागरीची आहे. तीन आणि चार फुटांच्या दोन पट्ट्या एका टोकाला बिजागरीने जोडा. पूर्ण मिटल्या की मोकळ्या टोकांमधलं अंतर एक फूट. पूर्ण उघडून सरळ रेषेत आणल्या की सात. मधल्या प्रवासात हे अंतर फक्त वाढत जातं, एकदाही मागे फिरत नाही. म्हणजे पाच फूट हे अंतर वाटेत एकदाच येणार. आणि काटकोनात ते पाच असतं, हे पायथागोरसने आधीच सांगून ठेवलंय. मग टेपवर पाच आले, तर दुसरा कोणता कोन असणार? पाचाहून जास्त आले तर कोपरा फाकलेला, म्हणजे विशालकोन. कमी आले तर आवळलेला, म्हणजे लघुकोन. पाच, सहा, आठ घ्या: २५ आणि ३६ मिळून ६१, आठाचा वर्ग ६४, म्हणजे कोन फाकला. तुलना नेहमी सगळ्यात लांब बाजूच्या वर्गाशी करायची, एवढं पाळलं की झालं.

आता थोडं आकड्यांत शिरतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद ओलांडा.

टोकांमधल्या अंतराचा वर्ग = २५ वजा २४ गुणिले कोनाचा कोसाइन. काटकोनाचा कोसाइन शून्य, म्हणून २५ उरतात. मिस्त्रीच्या पाच फूट एक इंचाचा वर्ग येतो सुमारे २५.८४. जास्तीचे ०.८४ भागिले २४ म्हणजे ०.०३५, म्हणून कोन साधारण ९२ अंश. दोन अंश काय, असं वाटेल. पण तीस फुटांची भिंत त्या दिशेने नेली, तर शेवटचं टोक जवळजवळ एक फूट सरकतं! तीच मापं तिप्पट करून नऊ, बारा, पंधरा घेतली आणि टेप वाचताना तीच एक इंचाची चूक झाली, तर टोक चारच इंच सरकतं. त्रिकूट, म्हणजे काटकोन देणारे बाजूंचे तीन आकडे, तेच, फक्त मोठं घेतलं की चूक विरते. त्यामुळे जागा असेल तर मिस्त्रीला नऊ-बारा-पंधरा घ्यायला लावा. नाहीतर पुढे शहाबादी फरशी बसवताना कडेची प्रत्येक फरशी तिरकी कापावी लागते.

हे गणित आपल्याकडून चोरलं, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. चोरीचा पुरावा कुणी देत नाही, आणि बॅबिलोनमधल्या इ.स.पू. १८०० च्या आसपासच्या मातीच्या पाटीवर अशा त्रिकुटांच्या पंधरा ओळी आहेतच. अभिमानच बाळगायचा तर आपस्तंबाच्या दोरीचा बाळगावा; यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांपैकी एक त्याच्या नावावर आहे. ३६ मापाच्या रेषेच्या दोन टोकांना खुंट्या, ५४ मापाची दोरी, तिच्यावर १५ वर खूण. दोरीची टोकं खुंट्यांना अडकवून खूण धरून ताणली की १५, ३६, ३९ चा त्रिकोण होतो, आणि काटकोन हातात. आमचा मिस्त्री तेच करत होता.

मिस्त्रीच्या आधी एक वास्तूवाले येऊन गेले होते. सळयांच्या ढिगाशेजारी उभं राहून मोबाइलवरचं होकायंत्र बघत त्यांनी ईशान्य ठरवली. लोखंडाजवळ ती सुई कुठेही वळते. बहिणीने दक्षिणा दिली, मी गप्प राहिलो.

शेवटी चारही कोपरे आखून झाल्यावर मिस्त्रीने दोन्ही कर्ण मोजले. सारखे भरले. भाच्याने विचारलं, मग नुसते कर्णच मोजले असते तर? पुरलं नसतं. एकीकडे अरुंद आणि दुसरीकडे रुंद अशा समद्विभुज समलंबाचेही कर्ण सारखेच असतात. म्हणून मिस्त्रीने समोरासमोरच्या भिंती आधी मोजून घेतल्या होत्या, कर्णाला टेप नंतर लावला. मग फक्की मारायला घेतली.