कॅरमच्या १९ सोंगट्या आणि लागोपाठच्या घनांतले फरक

गिरगावच्या चाळीत कॅरम मांडताना राणी मध्यभागी, तिच्याभोवती ६ सोंगट्या आणि त्यांच्याबाहेर १२. एकूण १९. ३चा घन २७, २चा घन ८. त्यांतला फरकही १९, आणि हा योगायोग नाही. घनांचे लागोपाठचे फरक १, ७, १९, ३७, ६१, ९१ असे वाढत जातात आणि यातल्या प्रत्येक आकड्याइतक्या सोंगट्यांचा भरीव षटकोन मांडता येतो. २७ ठोकळ्यांचा घन एका कोपऱ्याकडून बघा. तीन बाजू दिसतात, कडेची आकृती षटकोनी असते, आणि दिसणारे ठोकळे मोजले की बरोबर १९ भरतात. मागे लपलेला घन ८चा.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) घन करायची एक रीत आहे: संख्येचे दोन खंड करा, संख्येला दोन्ही खंडांनी आणि ३ने गुणा, मग खंडांचे घन मिळवा. ७चे खंड ६ आणि १ धरू. ७×६×१×३ म्हणजे १२६. त्यात २१६ आणि १ मिळवले की ३४३. म्हणजे ६च्या घनावरून ७च्या घनावर जायला १२७ लागतात. ही रीत घन करण्यासाठी सांगितलेली, मालिकेसाठी नव्हे. पण मालिका तिच्या पोटातच आहे.

या ग्रंथाशी मुंबईचं नातं जुनं आहे, आणि ते आपण फारसं सांगत नाही याची खंत वाटते. जॉन टेलर यांनी केलेला 'लीलावती'चा इंग्रजी अनुवाद १८१६ साली इथेच छापला गेला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याची नोंद असलेला चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये उजेडात आणला.

या फरकांतल्या ७, १९, ३७, ६१, १२७ अशा मूळ संख्यांना 'क्यूबन प्राइम' हे नाव १९२३ साली ॲलन कनिंगहॅम यांनी दिलं. ते दिल्लीत जन्मलेले, रुरकीच्या कॉलेजात गणित शिकवलेले, पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे चिरंजीव. नावाचा संबंध घनाशी, क्यूबाशी नाही.

फरक कधीकधी पूर्ण वर्ग निघतो: ८ आणि ७च्या घनांत १६९, म्हणजे १३चा वर्ग. त्यानंतरची अशी जोडी थेट १०५ आणि १०४ची. तिथे १८१चा वर्ग येतो. पण पहिला १ सोडला तर फरक स्वतः घन कधीच होत नाही. गणितज्ञ ऑयलर यांनी १७७०मध्ये त्याची सिद्धता छापली; तिच्यातली एक पायरी अपुरी होती, ती पुढे भरून काढावी लागली.