होस्टचा टाइम सिंक आणि एनटीपी: व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ कोणाच्या हाती द्यावं?

व्हीएमवेअर टूल्स या व्हर्च्युअल मशीनमधल्या सहायक सॉफ्टवेअरमधून होस्टशी (ज्या खऱ्या संगणकावर ते मशीन चालतं त्याच्याशी) सतत सिंक चालू केला आणि गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, क्रोनी हे एनटीपीचं (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचं) सॉफ्टवेअरही बसवलं, की घड्याळ दुप्पट अचूक होईल असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच. एकाच घड्याळाचे काटे दोघं आपापल्या परीने हलवू लागतात आणि क्रोनीने जमवत आणलेलं गणित पुन्हा पुन्हा मोडतं.

होस्टचा सिंक फक्त होस्टची वेळ बघून फरक भरून काढतो. होस्टच चुकला असेल, तर त्याच्यावरची सगळी मशीन्स एकदम चुकतात. एनटीपी क्लायंट अनेक सर्व्हरना विचारू शकतो, पॅकेटच्या जाण्यायेण्यात गेलेला वेळ हिशेबात धरतो आणि मुख्य म्हणजे आपलं घड्याळ किती वेगाने भरकटतंय ते मोजून तो वेगच सुधारतो. चालू मशीनसाठी एनटीपीच घ्यावं, याबद्दल मला शंका नाही.

अडतं ते मशीन सस्पेंड करून पुन्हा उठवल्यावर. क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बहुतेक वेळा ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. फरक १ सेकंदाहून जास्त असेल तर थेट उडी मार, पण सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ३ अपडेटपुरतीच, असा तिचा अर्थ. आठवडाभर चालू असलेलं मशीन तासभर झोपून उठलं, तर ती मुभा कधीच संपलेली असते. मग वेग वाढवून फरक भरायचा, आणि लिनक्सवर तो वेग डीफॉल्टने फार तर बाराव्या हिश्श्याने वाढतो. म्हणजे तासाभराच्या फरकाला किमान १२ तास! लॉगिनची ओळख पटवणारी कर्बेरॉस यंत्रणा सहसा ५ मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही, त्यामुळे तोवर लॉगिन अडलेलं. एनटीपीडी हा जुना एनटीपी क्लायंट तर चालू असताना १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला की सरळ बंद पडतो.

इथे होस्टचा सिंक खरा कामाला येतो. व्हीएमवेअरमध्ये सतत चालणारा सिंक बंद ठेवला तरी रिझ्यूम झाल्यावर किंवा जुन्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या जपून ठेवलेल्या आधीच्या स्थितीवर) परतल्यावर एकदा वेळ लावली जाते. ते थांबवायचं तर वेगळी सेटिंग आहे. ती उगाच बंद करू नका.

केव्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्समधली यंत्रणा) याहून छान सोय आहे: पीटीपी केव्हीएम ड्रायव्हरमधून क्रोनी होस्टचं घड्याळच स्रोत म्हणून वाचतं, त्यामुळे काटे हलवणारा एकच राहतो. होस्टवर मात्र एनटीपी चोख हवं. मेकस्टेपमध्ये ३ ऐवजी -१ लिहिलं की उडी कधीही मारता येते. पण वेळ मागे गेलेली न खपणारा डेटाबेस त्या मशीनवर असेल, तर आधी त्याचा विचार करा.