प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर अजून आजोबांचंच नाव आहे का? मुंबईत नाव कसं बदलायचं आणि ५०० फुटांची सूट कोणाला मिळते

आमच्या गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आजोबांच्या नावाने यायचं, आजोबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी. बिल आलं की बाबा भरून टाकायचे, पावती निळ्या फाइलीत लावायचे, विषय संपला. टॅक्स भरतोय ना मग नाव कोणाचं का असेना, घरात सगळ्यांना असंच वाटायचं. मग घर दुरुस्तीला काढायचं ठरलं, फाइल उघडली आणि लक्षात आलं की महापालिकेच्या लेखी हे घर अजून आजोबांकडेच आहे. ते सगळं निस्तरताना जे समजलं ते इथे लिहितोय, कारण मुंबईत अशी घरं खूप आहेत.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं, म्हणजे बीएमसीकडेही नाव आपोआप बदललं असं धरून चालू नका. ते आपण लेखी कळवायचं असतं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम १४९ मध्ये त्याची मुदत दिलीय, विकत घेतलं असेल तर दस्त रजिस्टर झाल्यापासून ३ महिन्यांत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही कळवायचं, आणि मालक वारला असेल तर वारसांनी मृत्यूपासून १ वर्षाच्या आत. मुदत उलटली म्हणून घरी बसू नका, आमची तर किती उलटली होती तरी अर्ज घेतला. विकणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्या, कारण कळवलं नाही तर टॅक्सची जबाबदारी कागदोपत्री तुमच्याच डोक्यावर राहते. आणि रिसेल घेणाऱ्यांनो, थकलेल्या टॅक्सचा बोजा त्या जागेवरच असतो, आधीच्या मालकाने बुडवला ते त्याचं तो बघेल असं होत नाही. टोकन द्यायच्या आधी शेवटचं बिल आणि पावती हातात घेऊन बघा, नुसतं तोंडी ऐकू नका.

आता हा अर्ज कोणी करायचा. बिल कोणाच्या नावाने येतं ते आधी बघा. मुंबईत बहुतेक सोसायट्यांमध्ये अख्ख्या बिल्डिंगचं एकच बिल सोसायटीच्या नावाने येतं आणि सोसायटी ते मेंटेनन्समधून वसूल करते. तसं असेल तर तुमच्या नावाचा प्रश्न मुख्यतः सोसायटीच्या रेकॉर्डमध्ये सुटतो, वॉर्ड ऑफिसला उगाच चकरा मारू नका, आधी सेक्रेटरीला विचारा. पागडीच्या खोलीचं बिल घरमालकाच्या नावाने असतं. ज्यांचं स्वतंत्र घर, गाळा, बंगला किंवा फ्लॅटचं वेगळं खातं आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. बिलावर वरच्या बाजूला मालमत्ता खाते क्रमांक असतो, सुरुवातीला वॉर्डची अक्षरं असतात, तो नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळीकडे तोच लागतो.

घर विकत घेतलं असेल तर कागद सोपे आहेत. अर्ज, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटची कॉपी, इंडेक्स टू (दस्त रजिस्टर झाल्याचा रजिस्ट्रार ऑफिसचा उतारा), शेवटचं बिल आणि ते भरल्याची पावती, सोसायटी असेल तर तिची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट, आणि तुमचं आधार किंवा पॅन. थकबाकी असेल तर ती आधी क्लिअर करा, बाकी ठेवून नाव बदलायला गेलात तर गाडी तिथेच अडते.

वारसाहक्काचं प्रकरण मात्र वेळखाऊ आहे आणि त्यात कागदांपेक्षा माणसं जास्त आहेत. मृत्यू दाखला लागतो, सगळ्या वारसांची माहिती लागते, मृत्युपत्र असेल तर ते, वारसांचं अ‍ॅफिडेव्हिट, इतर वारसांची संमती, आणि बहुतेक वेळा इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगितला तर नुकसान आम्ही भरून देऊ अशी लेखी हमी. आमच्याकडे बाबा आणि दोन आत्या, एक डोंबिवलीला एक चिपळूणला. बाबांना वाटत होतं घरात आपण राहतो, टॅक्स आपण भरतो, तर नाव आपलंच लागणार. तसं नसतं. आजोबांच्या घरात आत्यांचा हिस्सा बाबांइतकाच आहे, लग्न होऊन गेल्या म्हणून तो जात नाही. आत्यांना हिस्सा सोडायचा असेल तर साध्या कागदावर सही करून भागत नाही, हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर करावं लागतं. आणि सोडायचा नसेल तर तिघांचीही नावं लावा, त्यात कोणाचं काही जात नाही. आम्ही तिघांची लावली आणि मला तेच बरोबर वाटतं, बहिणींवर सहीसाठी प्रेशर टाकून एकट्याचं नाव चढवण्यात पुढे भांडणंच होतात. नॉमिनीबद्दल पण हेच, सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे मालकी मिळाली असं नाही, नॉमिनी हा खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो.

आमचं जिथे अडलं ती गोष्ट अगदी बारीक होती. बिलावर आजोबांचं नाव 'दत्तू', मृत्यू दाखल्यावर 'दत्ताराम', आणि जुन्या रेशन कार्डावर 'दत्ताराम' पण आडनाव वेगळं, कारण तिथे गावाच्या नावावरून लावलेलं. तीन कागद, तीन माणसं. मग ही सगळी एकाच व्यक्तीची नावं आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट केलं आणि सोबत जेवढे जुने कागद सापडले ते जोडले. त्यामुळे अर्ज लिहायला बसायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, पत्ता, आडनाव एकेक अक्षर जुळवून बघा, यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल पण नंतरचे महिने वाचतात.

अर्ज तुमच्या वॉर्ड ऑफिसमधल्या करनिर्धारण व संकलन विभागाकडे जातो. आधी तिथल्या नागरी सुविधा केंद्रात विचारा, ओरिजिनल सोबत न्या पण देऊन येऊ नका, कॉपीच द्या. आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तारीख आणि नंबर असलेली पोच. ही गोष्ट मी परत परत सांगेन कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्याच्या यादीत असलेल्या सेवेला ठरलेली मुदत असते आणि ती ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा कारण न देता अर्ज फेटाळला तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग लोकसेवा हक्क आयोग. चूक ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण पोच नसेल तर अर्ज कधी दिला हेच सिद्ध करता येत नाही.

आता ५०० फुटांचं. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० स्क्वेअर फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या राहत्या घराला प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे. मोजायचा तो कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्ट-अप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, लिहिलेला असतो, ५७० वगैरे, आणि लोक तो आकडा बघून आपण बसत नाही म्हणून सोडून देतात, तसं करू नका, कार्पेट काढून बघा. उलट ५०० च्या वर गेलात तर वरच्या थोड्या फुटांपुरता टॅक्स असं नाही, सूटच जाते. घरात क्लिनिक किंवा ऑफिस चालू असेल आणि वापर कमर्शियल नोंदवलेला असेल तरी सूट नाही. साधारणपणे वेगळा अर्ज लागत नाही, रेकॉर्डवरच्या एरियावरून होतं, पण तो एरियाच चुकीचा असेल तर मंजूर प्लॅन आणि अ‍ॅग्रीमेंट जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या आणि जागेवर येऊन मोजणी करायला सांगा.

सोसायटीतल्या लोकांनी इथे डोळे उघडे ठेवा. बिल एकच असलं तरी टॅक्स फ्लॅटप्रमाणे लागतो, आणि मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, तो महापालिकेने ज्या फ्लॅटला जेवढा लावला तेवढाच त्या मेंबरकडून घ्यायचा असतो. एकूण रक्कम भागिले फ्लॅट असं करून चालत नाही. आमच्या आत्याच्या सोसायटीत लहान फ्लॅटवाले माफी होऊनसुद्धा दर महिन्याला टॅक्स भरत होते, मिटिंगमध्ये कोणीतरी ओरिजिनल बिल मागितलं तेव्हा ते बाहेर आलं. बिल बघायला मागणं हा मेंबरचा हक्क आहे.

बिलात नुसता एकच टॅक्स नसतो हेही बघून घ्या, सर्वसाधारण कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर (रस्त्यांसाठीचा, टोल नव्हे) असं बरंच असतं. २०१७ मध्ये जकात गेल्यापासून महापालिकेसाठी हा पैसा फार महत्त्वाचा झालाय. आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्यावर नाही तर जागेच्या किमतीवर होते, ती पद्धत २०१० पासून आहे. नवीन आकारणीची किंवा वाढीची नोटीस आली तर हरकत लेखी द्या आणि नोटिशीवरच्या तारखेच्या आत द्या, निकाल पटला नाही तर लघुवाद न्यायालयात अपील करता येतं.

शेवटचं, नाव बदलायचा अर्ज पेंडिंग आहे म्हणून बिल थांबवू नका. टॅक्स १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा दोन हप्त्यांत लागतो, मुदतीत भरला नाही तर दरमहा २ टक्के दंड चढतो. जुन्या नावाने का असेना भरत राहा, पावतीवर खाते क्रमांक नीट आलाय का बघा, आणि नवीन बिल हातात पडलं की नाव, एरिया आणि वापर या तीन ओळी तिथल्या तिथे वाचून घ्या. आमच्या बिलावर धाकट्या आत्याचं नाव चुकून दोनदा आलं होतं, त्याच आठवड्यात अर्ज दिला म्हणून पुढच्या बिलात नीट झालं.