मेणबत्त्यांपलीकडचे काम

हिरोशिमा दिनाचा विषय निघाला की फोंडा-मडगावकडे अजूनही कानावर येते, की अण्वस्त्रबंदी हे सरकारांचे काम असून स्वयंसेवी संस्था केवळ मेणबत्त्या लावतात. हा समज चुकीचा आहे. १९८६ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नसताना, नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकी पर्यावरण संस्थेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट करार करून सेमिपालातिन्स्कच्या सोव्हिएत अणुचाचणीक्षेत्राजवळ स्फोटांचे हादरे टिपणारे भूकंपमापक बसवले आणि अणुचाचण्यांची पडताळणी शक्य आहे, हे दाखवून दिले. (मेणबत्तीने हे साधले नसते.) 'आयकॅन' या अण्वस्त्रविरोधी स्वयंसेवी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीने चिकाटीने पाठपुरावा केलेला अण्वस्त्रबंदी करार २०१७ मध्ये १२२ देशांच्या मतांनी संमत झाला; भारतासह एकाही अण्वस्त्रधारी देशाने मात्र त्यावर सही केलेली नाही.