जुन्या बसचे डिझेल इंजिन बदलताना : पात्रता, मंजुरी आणि कागदपत्रे

ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, तडा गेला, किंवा बोअर (सिलिंडर आतून घासून मोठे करणे) इतके वेळा झाले की आता ओव्हरसाइझ पिस्टनही बसत नाही, अशी वेळ आली की जुन्या बसच्या मालकाला इंजिन बदलण्याचा विचार करावाच लागतो. ठाणे, नवी मुंबई आणि कळंबोलीच्या पट्ट्यात कंपन्यांच्या पाळ्यांसाठी धावणाऱ्या बस पुष्कळ आहेत आणि हे काम करणारी गॅरेजेसही आहेत. त्यामुळे इंजिन बसवून देणारा सापडणे अवघड नसते. अडचण येते ती नंतर, आरटीओत. बसवलेल्या इंजिनचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळत नाही आणि योग्यता तपासणीच्या दिवशी बस परत पाठवली जाते. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच कागदांचा विचार करणे शहाणपणाचे असते.

सर्वप्रथम एक फरक लक्षात घ्यावा. इंजिन उघडून लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेड यांची दुरुस्ती केली आणि ब्लॉक तोच ठेवला, तर इंजिन क्रमांक बदलत नाही आणि कोणत्याही मंजुरीची गरज पडत नाही. त्याला गॅरेजच्या भाषेत ओव्हरहॉल म्हणतात. क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो, म्हणून ब्लॉक बदलला की कायद्याच्या दृष्टीने इंजिन बदलले. हाफ इंजिन, म्हणजे हेड आणि पंपाविना मिळणारे इंजिन, घेणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, कारण हेड आणि डिझेलचा पंप जुनेच वापरले तरी ब्लॉक नवा येतो आणि त्यासोबत क्रमांकही नवा येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की वाहनाचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीचा कडक अर्थ लावला. तेव्हा ‘जास्त ताकदीचे इंजिन टाकू, गायमुखच्या चढाला सोपे जाईल’ हा विचार कितीही व्यवहार्य वाटला तरी त्याला मंजुरी मिळण्याची आशा धरू नये. त्याच उत्पादकाचे, त्याच मॉडेलचे आणि त्याच उत्सर्जन मानकाचे इंजिन निवडणे हाच सुरक्षित मार्ग. कोणते इंजिन किती लिटरचे याची तुलना करण्याआधी स्वतःच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा इंजिनाचा तपशील वाचावा. टाटाचे ६९७ मालिकेतील इंजिन सुमारे ५.७ लिटरचे आणि कमिन्सचे ६बीटी सुमारे ५.९ लिटरचे, आकाराने जवळची असली तरी ती वेगळी इंजिने आहेत आणि एकाच्या जागी दुसरे हा केवळ सुटे भाग बदलण्याचा प्रश्न राहत नाही.

तांत्रिक बाजूनेही हीच निवड सोपी पडते. बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट, फ्लायव्हील, क्लच प्लेटचा व्यास, इंजिन माउंट आणि ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कंप्रेसरची जागा एकमेकांशी जुळली तर फारसे काही करावे लागत नाही. ती जुळली नाहीत, तर गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर यांचाही प्रश्न उभा राहतो, कारण इंजिनाची कमाल फेरगती बदलली की बसचा वेग आणि ओढ दोन्ही बदलतात. साध्या पंपाच्या जुन्या बसमध्ये कॉमन रेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारे, इंजिन बसवायचे म्हटले, तर ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), वायरिंग आणि सेन्सर यांची साखळीच आणावी लागते. इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून या फंदात पडू नये.

इंजिन बदलण्याच्या मंजुरीचा अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावानेच करावा लागतो. बस संस्थेच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल तर अधिकारपत्र जोडावे. मालक ज्या कार्यालयाच्या हद्दीत राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, म्हणजे ठाण्यासाठी एमएच-०४, नवी मुंबईसाठी एमएच-४३ किंवा पनवेल परिसरासाठी एमएच-४६ च्या कार्यालयात, अर्ज जातो. तो परिवहन संकेतस्थळावर ‘वाहनातील बदल’ या सेवेतून भरता येतो. कर थकलेला नसावा, विमा चालू असावा, आणि योग्यता प्रमाणपत्र व परवाना मुदतीत असावेत. बसवर कर्जाचा बोजा असल्यास बँक किंवा वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्यावी, कारण या पत्रालाच अनेकदा सर्वाधिक वेळ लागतो.

कागदपत्रांमध्ये मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, योग्यता प्रमाणपत्र, परवाना, कर भरल्याचा पुरावा, पॅन आणि ओळखपत्र असते. याशिवाय इंजिनचे जीएसटी क्रमांक असलेले मूळ बिल लागते आणि त्या बिलावर इंजिन क्रमांक लिहिलेला असला पाहिजे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून ‘हे इंजिन या मॉडेलला योग्य आहे’ असे पत्र मिळाल्यास आरटीओच्या निरीक्षकाचे प्रश्न कमी होतात.

जुने इंजिन घ्यायचे असेल तर मात्र सावध राहावे. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा गॅरेजवाल्याच्या ओळखीने मिळालेल्या इंजिनबरोबर ते ज्या वाहनातून काढले त्या वाहनाचे कागद मागावेत, आणि क्रमांक चोरीच्या वाहनाचा नाही ना हे पोलिसांकडून पडताळून घ्यावे. ब्लॉकवरील क्रमांकाची पट्टी डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसून, उन्हात तिरक्या नजरेने पाहावी. घासल्याच्या खुणा, खालीवर बसलेले आकडे किंवा वेगळ्या जाडीचे अक्षर दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार करू नये. त्याच पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल फिरवून घेतलेला ठसा अर्जासोबत जोडावा लागतो आणि निरीक्षक तो गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहतो.

मंजुरी आली की इंजिन बसवावे आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी. ही मुदत कलम ५२ मध्येच दिलेली आहे. किमान १० परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकाला त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीविना बदलण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेने देऊ शकते. पण त्यालाही नंतरची नोंद चुकत नाही. मंजुरीविना बेकायदा बदल केल्यास कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदीनंतर विमा कंपनीला नवा क्रमांक कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्यावी, नाही तर अपघातानंतर दाव्यात खोट निघू शकते.

इंजिन नवे असले तरी बस जुनीच राहते. वय मूळ नोंदणीपासूनच मोजले जाते, आठ वर्षांनंतरची योग्यता तपासणी दरवर्षीच होते आणि महापालिका परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरील बसची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. पीयूसीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनाच्या धुराच्या दाटपणाची (प्रकाश शोषण गुणांकाची) मर्यादा २.४५ प्रति मीटर आणि बीएस-४ ची १.६२ आहे, नवे इंजिन बसल्यावर लगेच ही चाचणी करून पाहावी, म्हणजे पंपाची जुळणी चुकली असेल तर गॅरेजवाल्याकडूनच दुरुस्त करून घेता येते.

काढलेल्या जुन्या इंजिनची विक्री पावतीवर क्रमांकासह करावी आणि ती पावती नोंदणीच्या कागदांसोबत ठेवावी, कारण तो ब्लॉक पुढे कुठल्या गाडीत सापडला तर विचारणा पहिल्या मालकाकडेच होते.