आई पॉझिटिव्ह म्हणजे बाळ पण पॉझिटिव्हच? अजिबात नाही

व्हॉट्सॲपवर आणि ओट्यावरच्या गप्पांत अजून फिरतंय की आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होणारच, म्हणून मूल होऊच देऊ नका. हे चूक आहे. काहीच औषध घेतलं नाही तरी सगळ्या बाळांना लागण होत नाही, १०० पैकी साधारण १५ ते ४५ जणांना होते, आणि आईने एआरटीच्या (एचआयव्ही विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या वेळेवर सुरू करून रोज घेतल्या तर हा धोका ५ च्या खाली येतो, कधी कधी तर १ च्याही खाली. भारतात २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला या गोळ्या आयुष्यभर देतात, सरकारीत फुकट.

गैरसमज टिकतो कशामुळे तर बाळाच्या तपासणीमुळे. आईच्या अँटिबॉडीज (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात आणि साधी टेस्ट त्याच शोधते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली की घरचे रडायलाच लागतात, पण त्यावरून बाळाला लागण झाली असं ठरत नाही. त्यासाठी ६ आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थेट विषाणू शोधणारी वेगळी टेस्ट होते, आणि पक्का निकाल १८ महिन्यांनंतर.

जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचं (लागण टाळणाऱ्या औषधाचं) सिरप पण देतात. आणि दुधाचं म्हणाल तर पहिले ६ महिने निव्वळ आईचं दूध चालतं (गोळ्या चालू हव्यात हं!), अंगावरचं आणि वरचं दोन्ही मिसळून पाजलं तर धोका वाढतो, आणि नेमकं तेच आपल्याकडे सासवा मध-घुट्टीच्या नावाखाली करतात.

आशाताई एचआयव्ही टेस्टचं बोलल्या तर चिडू नका, ती सगळ्याच गरोदर बायकांची करतात. शंका असेल तर १०९७ वर फोन लावा, टोल फ्री आहे.