लादेचं विमान फक्त फौजींसाठी? नाही!

अर्जेंटिनात कितीतरी वर्षं फिरणारा एक समज: 'लादे' या विमानसेवेचं विमान हवाई दलाचं, म्हणजे त्यात फक्त फौजी आणि त्यांचे नातेवाईकच बसू शकतात. हे साफ चूक आहे. वैमानिक हवाई दलाचे असतात, हे खरं. पण तिकीट कुणालाही मिळतं. नावाचा अर्थच मुळी 'सरकारी हवाई सेवा' असा आहे; त्यात लष्कराचा उल्लेखसुद्धा नाही.

१९४० साली ही सेवा सुरू झाली ती देशाच्या दक्षिणेकडच्या पातागोनिया प्रदेशासाठी. तिथे गावं लहान, अंतरं अफाट आणि वारा असा की माणूस वाकून चालतो. एवढ्याशा प्रवाशांसाठी खासगी कंपनी कशाला विमान पाठवेल? म्हणून तोटा सोसून सरकार पाठवतं.

सर्वांत बोलका पुरावा ब्रिटनच्या ताब्यातल्या, पण अर्जेंटिना आपली म्हणतं त्या फॉकलंड बेटांचा. १९७२ मध्ये बेटांची राजधानी स्टॅन्लीजवळ धातूच्या पट्ट्या जोडून तात्पुरती धावपट्टी केली आणि लादेची फॉकर विमानं उतरू लागली. त्यातून कोण जायचं? बेटावरचे ब्रिटिश नागरिक! कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलांच्या शाळेसाठी मुख्य भूमीवर जाई. बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनमध्ये झालेल्या १९८२ च्या युद्धापर्यंत हे चालू होतं.